ओसरीवरचें शास्त्र : नांवावरचें टिंब

गेल्या श्रावणांत एका रात्रीं आमच्या थोरल्या वहिनींना एकाएकीं धाप लागली, म्हणून आम्ही त्यांस गिरगांवांतून परळच्या एका रुग्णालयांत घेऊन गेलों. खिडकीशीं बसलेल्या कारकुनानें नांव विचारलें, पुतण्यानें तें सांगितलें, कारकुनानें यंत्रावर टिपलें आणि क्षणभरानें मान हालवून तो म्हणाला, “या नांवाच्या बाई आमच्याकडे पूर्वीं कधीं आलेल्या नाहींत.” वास्तविक वहिनी दोन वर्षांमागें त्याच इमारतींत अकरा दिवस होत्या. पेनिसिलिन त्यांस सोसत नाहीं, अंगावर गांधी उठून घसा आवळतो, ही गोष्ट त्याच मुक्कामांत उघडकीस आली होती व त्यांच्या कागदांत ठळकपणें नोंदली गेली होती. तो कागद सांपडेना, म्हणून नवा कागद झाला, आणि नव्या कागदाच्या त्या रकान्यांत ‘कांहीं नाहीं’ असें पडलें. पुतण्या औषधें आणावयास खालीं गेलेला, मी गोंधळलेला. परिचारिका सुई भरून आली तेव्हां वहिनींनीं स्वतःच हात आडवा केला आणि धापा टाकीतच औषधाचें नांव विचारलें. त्या शुद्धीवर होत्या, म्हणून आज हा लेख मला ह्या सुरांत लिहितां येत आहे.

दुसऱ्या दिवशीं जुना कागद सांपडला, तो जन्मतारखेवरून. दोन्ही कागद शेजारीं ठेवून आम्ही पाहिले. नांव तेंच, आडनांव तेंच. काना, मात्रा, वेलांटी, कशांतही तिळमात्र फरक नाहीं. आमचें आडनांव गोऱ्हे; दोन्हींकडे तें ‘गोऱ्हे’ असेंच छापलेलें. मग यंत्रास तीं दोन नांवें निरनिराळीं कां वाटावीं?

पुतण्याचा धंदाच हा आहे. लोअर परळला, जेथें पूर्वीं गिरण्यांचे भोंगे वाजत व आतां कांचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत, तेथें एका मोठ्या संस्थेची नांवनिशी ठेवणारा संगणक त्याच्या हवालीं आहे. त्या धंद्यांतले लोक त्यास ‘डिरेक्टरी सर्व्हर’ म्हणतात. हजारों माणसांचीं नांवें, हुद्दे, टपालाचे पत्ते व टेलिफोनचे आंकडे यांची ती एक वही समजावी. फरक इतकाच कीं, ही वही स्वतः उत्तर देते. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून “अमुक नांवाचा मनुष्य आहे काय?” असें विचारावें, आणि तिनें आहे किंवा नाहीं तें सांगावें. अशा वह्यांशीं बोलण्याची सध्यां रूढ असलेली रीत अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत १९९३ च्या सुमारास निघाली. तिचें नांव ‘एलडॅप’. रुग्णालयाची वही निराळ्या घडणीची असेल, परंतु दुखणें एकच, असें पुतण्याचें निदान पडलें.

“काका,” तो म्हणाला, “आपल्याला अक्षर दिसतें, यंत्राला नुसते आंकडे दिसतात.”

जगांतील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एकेक क्रमांक देण्याची योजना १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिला ‘युनिकोड’ म्हणतात. तींत देवनागरीलाही तिचे क्रमांक मिळाले. आतां ‘गोऱ्हे’ मधला तो अर्धा र पाहा, जो डोळ्याच्या पापणीसारखा वळतो. तो दोन तऱ्हांनीं घडवितां येतो. एक तऱ्हा अशी: साधा र, त्यास हलन्ताची खूण, आणि तिच्यामागून एक अदृश्य सांधा, जो कागदावर कधींच उमटत नाहीं. दुसरी तऱ्हा: खालीं टिकली असलेला ऱ आणि त्यास हलन्ताची खूण. छापून दोहोंची पापणी सारखीच वळते. पण कोणाच्या यंत्राची अक्षरपट्टी पहिली तऱ्हा वापरते, कोणाची दुसरी. टिपणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. दोन वर्षांमागच्या कारकुनानें एका पट्टीवर टिपलें, त्या रात्रींच्या कारकुनानें दुसरीवर. यंत्रानें आंकडे ताडून पाहिले, ते जुळले नाहींत, आणि त्यानें अगदीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, ह्या बाई आमच्याकडे आलेल्या नाहींत. वऱ्हाडपांडे, कुऱ्हाडे, ऱ्हाळकर या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें; त्यांच्यावरही हाच प्रसंग येण्यासारखा आहे.

ही हकीकत ऐकतांना मला आमच्या आजोबांची आठवण झाली. ते कस्टम्समध्यें होते. त्यांच्या भेटपत्रावर इंग्रजींत आडनांव छापलेलें असे, आणि त्यांतील शेवटच्या ‘ई’ अक्षरावर एक तिरकी रेघ असे. ती रेघ कशाला, असें लहानपणीं विचारलें तेव्हां ते म्हणाले होते कीं, ती नसली तर साहेब आपल्या आडनांवाचें शेपूट कापून टाकतो. खोटें नव्हतें. साहेबाच्या वाचनांत आपटे यांचे ‘आप्ट’ होतात, काळे यांची एक पालेभाजी होते, दाते यांची तारीख नाहीं तर खजूर होतो, आणि साने मात्र सुदैवानें शहाणे ठरतात. फ्रेंच भाषेंतून उचललेली ती तिरकी रेघ म्हणजे ‘येथें ए असा उच्चार करा’ अशी सूचना होती.

गंमत अशी कीं, आजोबांची ती रेघ आणि आमच्या ऱ खालची टिकली हीं यंत्राच्या दृष्टीनें एकाच जातीचीं आहेत. रेघेसह ‘ई’ हें एकच अक्षर म्हणून टिपतां येतें, किंवा आधीं साधी ‘ई’ व मागून सुटी रेघ असेंही टिपतां येतें, टिकलीचेंही तसेंच. आपण व्याकरणांत संधि आणि विग्रह म्हणतों तोच हा प्रकार. म्हणून नांवें ताडण्यापूर्वीं सर्वांचा विग्रह करावा, किंवा सर्वांचा संधि करावा, पण एकाच नियमानें करावें, हें पहिलें सूत्र. नांवनिशीच्या व्यवस्थेचे नियम २००६ सालीं नव्यानें लिहिले गेले, त्यांत हें सूत्र आहे. त्या नियमांनीं लहान-मोठीं इंग्रजी अक्षरें एक मानलीं जातात आणि आमच्या पहिल्या तऱ्हेंतला अदृश्य सांधाही गळून पडतो. परंतु रेघ आणि टिकली त्या नियमांनीं गळत नाहींत. तेव्हां मूळ नियमांवर विसंबलें तर आमचीं दोन्ही ‘गोऱ्हे’ निराळींच राहतात, आणि रेघेसह आजोबा व रेघेविना पुतण्या हे एका घरचे ठरत नाहींत.

ह्यावर युरोपांतील लोकांनीं काढलेला उपाय असा: नांवाचा विग्रह करावा, अक्षरांच्या वर-खालीं बसणाऱ्या सगळ्या खुणा झाडून टाकाव्या, उरलेलें ताडावें. फ्रेंच आणि पोर्तुगीज नांवांना हा उपाय चांगला मानवतो. पोर्तुगीज नांवांतील ‘ए’ अक्षरावर जी नागमोडी रेघ असते ती नाकांतल्या उच्चाराची. म्हणजे ती त्यांचा अनुस्वारच. गोव्याहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या कागदांत ती आढळते, आणि मुंबईच्या कारकुनानें ती बहुधा केव्हांच गाळून टाकलेली असते. खुणा झाडल्या कीं जुना कागद नव्यास भेटतो.

पुतण्यानें तोच उपाय आपल्या नांवनिशीवर चालविला. नांवनिशींत इंग्रजी नांवांबरोबर मराठी नांवेंही होतीं. रात्रीं यंत्र चालू करून तो घरीं आला, आणि सकाळीं जाऊन पाहतो तों केळकर ‘कळकर’ झालेले! नेने यांचे ‘नन’ झाले. लेले नुसते ‘लल’ उरले. कुलकर्णी ‘कलकरणी’ झाले, बेडेकर ‘बडकर’ झाले, आणि बिचारे पै, त्यांची एकच मात्रांची जोडी ती गेल्यावर, ‘प’ एवढेच राहिले. जोशी मात्र जसेच्या तसे, केसाला धक्का नाहीं. हा पक्षपात कां? कारण असें कीं, युनिकोडनें खुणांचे वर्ग पाडले आहेत. ज्या खुणा अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशीं बसतात व ओळींत वेगळी जागा अडवीत नाहींत, त्या एका वर्गांत: मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्ताची खूण, टिकली, आणि युरोपच्या रेघाही त्यांतच. काना, वेलांटी, काना-मात्रा ह्या ओळींत आपली जागा घेतात, म्हणून त्यांचा वर्ग निराळा. युरोपच्या उपायानें पहिला वर्ग सरसकट झाडला. तिकडे ती खूण म्हणजे अक्षरावरचा अलंकार. आमच्याकडे ती खूण म्हणजे स्वर. अलंकार म्हणून काढावयास गेले आणि प्राण घेऊन आले.

आणि हें नुसतें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. मात्रा गेल्यावर आमचे देव आणि गुजराथी दवे हे दोघेही ‘दव’ झाले. गिरगांवांत हीं दोन्ही घराणीं सांपडतील. रुग्णालयाच्या खिडकीशीं देवांना दव्यांचा कागद मिळाला तर काय? वहिनींचा कागद मिळाला नाहीं हें वाईट. दुसऱ्याचाच कागद मिळाला असता आणि त्यावर विश्वास ठेवला गेला असता तर तें अधिक वाईट.

मग मी आणि पुतण्या दोन रविवार ओसरीवर कागद घेऊन बसलों. कोणते भेद क्षमा करावे आणि कोणते करूं नयेत, हें यंत्र सांगणार नाहीं. तें ज्याच्या त्याच्या भाषेनें सांगावयाचें. स्वीडनचे लोक खुणा असलेलीं आपलीं तीन अक्षरें स्वतंत्र मानतात आणि वर्णमालेंत झेडनंतर बसवितात. त्यांस तीं ‘ए’ व ‘ओ’ मध्यें मिसळलेलीं रुचणार नाहींत. आमचें काय?

टिकली आणि अदृश्य सांधा यांवर वाद झाला नाहीं, ते क्षम्य. अनुस्वारावर झाला. वाचकांस माझी खोड ठाऊक आहे; मी अजून ‘नांव’ लिहितों. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारनें स्वीकारले आणि उच्चारांत न येणारे अनुस्वार शाळेच्या पुस्तकांतून गेले. तोंवर टिंबासह असेल तर तें माणसाचें आणि टिंबाविना असेल तर ती कोळ्याची, असा सरळ हिशेब होता. माझ्या पिढीच्या मनांत टिंब अजून जागा धरून आहे, पण पुतण्यानें विचारलें, “काका, दादरचें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचें. तसल्या जुन्या संग्रहांत १९६२ च्या आधींचीं पुस्तकें टिंबांसह आणि नंतरचीं टिंबांविना. माझ्या वयाचा वाचक टिंब न घालतां शोधणार. त्याला तुमच्या काळचीं पुस्तकें सांपडूं नयेत काय?” यावर मी गप्प बसलों. शोधापुरता अनुस्वार सोडावयाचें मीं मान्य केलें, लिहितांना नव्हे.

परंतु अनुस्वार सोडण्यापूर्वीं एक काम करावें लागतें. कोणी ‘रवींद्र’ लिहितो, कोणी ‘रवीन्द्र’. कोणी ‘पंडित’, कोणी ‘पण्डित’. आधीं व्यंजनामागच्या अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार करावा आणि मग अनुस्वार सोडावा; क्रम उलटला तर एक ‘रवीद्र’ होतो, दुसरा ‘रवींद्र’ होतो, आणि सगळा खटाटोप फुकट. ऱ्हस्व-दीर्घही शोधापुरतें एक केलें, कारण ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांचा निवाडा करीत बसण्यास खिडकीवरच्या कारकुनास सवड नसते. मात्रा, काना यांना हात लावावयाचा नाहीं. ळ आणि ल, ण आणि न निराळेच ठेवले. दादर-माटुंग्याकडे सोमण चित्पावन असतात आणि सोमन हे केरळचे. इंग्रजींत दोघे एकच दिसतात म्हणून मराठींतही एक करण्याचें कारण नाहीं.

अशा रीतीनें दळून निघालेलें रूप मूळ नांवाच्या जागीं ठेवावयाचें नसतें, हें यांतलें मर्म. मूळ नांव, मनुष्य जसें लिहितो तसें, टिंबारेघांसह एका रकान्यांत अभंग राहतें व लोकांस तेंच दिसतें. दळलेलें रूप शेजारच्या दुसऱ्या रकान्यांत असतें. तें कोणास दिसत नाहीं, यंत्र शोधतांना तेवढेंच पाहतें. शोधणाऱ्यानें टिपलेला शब्दही त्याच गिरणींतून काढावयाचा, म्हणजे पिठाशीं पीठ जुळतें. नियम बदलला तर सगळी नांवनिशी पुन्हां दळावी लागते. नाहीं तर जुनीं नांवें जुन्या पिठाचीं व नवीं नव्या, आणि दोहोंत पुन्हां भेट नाहीं. पुतण्यानें एकदां हा आळस केला आणि एक अख्खा दिवस लोकांचीं बोलणीं खाल्लीं.

इंग्रजी लिहिण्याचा गोंधळ हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. येथें दोनच गोष्टी. टेलिफोनची जाड डिरेक्टरी घरोघर असे, तेव्हां वाघ शोधावयाचे तर आधीं ‘व्ही’ खालीं व मग ‘डब्ल्यू’ खालीं पाहावें, हें लहान मुलांसही ठाऊक होतें. उच्चाराच्या सारखेपणावरून नांवें जुळविण्याची ‘साउंडेक्स’ नांवाची युक्ति अमेरिकेंत आहे. तिचें मूळ रॉबर्ट रसेल यांनीं १९१८ सालीं घेतलेल्या पेटंटांत. तींत व्यंजनांना आंकडे देतात, परंतु पहिलें अक्षर जसेंच्या तसें ठेवतात. म्हणजे आमचे ‘व्ही’चे वाघ आणि ‘डब्ल्यू’चे वाघ जन्माचे विभक्त! आणि गोव्यांत पोर्तुगीज वळणानें नाईक यांचे ‘नाइके’, कामत यांचे ‘कामोतीं’ आणि प्रभु यांचे ‘पोरोबो’ लिहिले गेले, त्यांना तर कोणतीही गिरणी दळून एक करूं शकणार नाहीं.

गिरणी म्हटल्यावर दुसरी गोष्ट आठवते. पुतण्याची कचेरी ज्या भागांत आहे तेथील कामगारांनीं १८ जानेवारी १९८२ रोजीं संप पुकारला. सुमारें अडीच लाख माणसें त्यांत होतीं, आणि पुष्कळशा गिरण्या पुन्हां नीट उघडल्याच नाहींत. पुढें त्या जमिनींवर कामगारांसाठीं व त्यांच्या वारसांसाठीं घरें बांधावयाचें ठरलें. सुमारें दीड लाख अर्ज आले, आणि २८ जून २०१२ रोजीं म्हाडानें ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्जाबरोबर मनुष्य गिरणींत होता याचा पुरावा हवा: ओळखपत्र, विम्याचें कार्ड, भविष्यनिर्वाहनिधीची पावती. आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई लालबागच्या चाळींत राहतात. त्यांचे सासरे साचेखात्यांत होते. बाईंनीं एकदां पिशवींतून कागद काढून माझ्यापुढें ठेवले. एकावर सासऱ्यांचें नांव ‘विठ्ठल’, दुसऱ्यावर ‘विठू’, तिसऱ्यावर इंग्रजींत आणखी कांहीं. हा एकच मनुष्य आहे हें सांगणारा स्वतः मनुष्य आतां हयात नाहीं. टिंबें आणि रेघा झाडून विठूचा विठ्ठल होत नाहीं.

तसेंच आमच्या घरांतल्या बायकांचें. वहिनींचें माहेरचें नांव निराळें, लग्नांत बदललेलें निराळें. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक मुलगी आहे व विम्याच्या कागदावर दुसरीच बाई. ह्याला उपाय नांवनिशीच्या व्यवस्थेंतच आहे, आणि तो आश्चर्यानें साधा आहे. तींत दाखवावयाच्या नांवाचा रकाना एकच नांव घेतो. परंतु ‘सर्वसाधारण नांव’ म्हणून जो रकाना आहे तो एकाच माणसाचीं कितीही नांवें घेतो. विठू, विठ्ठल आणि इंग्रजी रूप, तिन्ही एकाच माणसाखालीं लिहून ठेवावीं. कोणत्याही नांवानें हांक मारली तरी तोच ओ देतो. कोणतें नांव कोणत्या भाषेंतलें याची खूणही प्रत्येकापुढें करतां येते. हें काम मात्र यंत्र करीत नाहीं. कोणीतरी बसून विचारून लिहावें लागतें. त्या रविवारीं पुतण्यानें घरांतल्या सर्वांचे कागद गोळा केले, आणि कोणत्या कागदावर कोणतें रूप आहे तें एका वहींत उतरलें. अकरा माणसांचीं अठ्ठावीस नांवें निघालीं. माझीं एकट्याचीं चार.

कार्तिकांत वहिनींना पुन्हां तपासावयास नेलें. मधल्या काळांत आम्ही रुग्णालयास पत्र लिहिलें होतें व त्यांनीं दोन्ही कागद एकत्र केले होते. खिडकीशीं दुसराच कारकून होता. त्यानें नांव टिपलें तों एक नव्हे, तीन बायका पडद्यावर आल्या. त्यांतल्या एकीचें नांव तर दीर्घ-ऱ्हस्वाखेरीज अगदीं वहिनींचेंच. त्यानें वर पाहून जन्मतारीख विचारली. वहिनींना चारचौघांत वय सांगणें आवडत नाहीं. त्यांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें, मग पुढें वांकून हळूच सांगितली. त्यानें एका नांवावर बोट ठेवलें आणि वाचलें, “पेनिसिलिन चालत नाहीं, बरोबर?”